बाण परत येतो, मासा नाही

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतली तळी डिसेंबरात गोठायला लागली की तिथली निवृत्त आणि सुटीवरची मंडळी दक्षिणेचा रस्ता धरतात. फ्लोरिडा, अलाबामा, लुइझियाना, टेक्सास हा मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेला सगळा किनारा मग पाहुण्यांनी भरून जातो. नाताळच्या सुटीत ह्यूस्टन-डॅलसकडची मराठी कुटुंबंही इथेच गॅल्व्हेस्टनच्या वाळूत पाय बुडवताना दिसतात. मासेमारीची हौस असलेल्यांच्या गाडीत गळाच्या काठ्या असतात. काहींकडे मात्र धनुष्य असतं. विमानानं आलेल्यांना ते हाती आणता येत नाही, म्हणून लांबलचक पेटीत घालून सामानात टाकलेलं असतं.

हे धनुष्य हरणांसाठी नसतं, खाडीतल्या माशांसाठी असतं. गुडघाभर ते कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात, बहुधा रात्री, बोटीच्या टोकाशी उभं राहून दिव्याच्या उजेडात मासा हेरायचा आणि बाण सोडायचा, असा हा खेळ. तिथले लोक त्याला ‘बोफिशिंग’ म्हणतात. चार दिवसांच्या पाहुण्यानं यात पडावं का, पडायचं तर कुठे आणि कोणत्या माशावर, हा इथला प्रश्न आहे.

सुटलेला बाण परत येत नाही, असं आपण म्हणतो. इथे तो येतो, कारण त्याला दोरी बांधलेली असते. परत जात नाही तो मासा. गळाला लागलेला मासा लहान निघाला किंवा बंदीच्या जातीचा निघाला, तर गळ काढून त्याला पाण्यात सोडता येतं. बाण आरपार गेलेल्या माशाला सोडणं म्हणजे त्याला थोडं उशिरा मरू देणं. या खेळाचे कायदे, हत्यारं, हंगाम आणि भांडणं कितीही वेगवेगळी दिसली तरी ती सगळी या एका गोष्टीपाशी येऊन पोचतात. गळवाला आधी पकडतो आणि मग ठरवतो. धनुष्यवाल्याला आधी ठरवावं लागतं.

आधी हत्यार पाहू. शिकारीच्या धनुष्यापेक्षा हे धनुष्य हलकं असतं. हरणासाठी साठ-सत्तर पौंडांचं ओढ-वजन वापरणारे लोक इथे तीस ते पन्नास पौंडांवर भागवतात, कारण रात्रभरात बाण पुष्कळ वेळा ओढावा लागतो आणि नेम धरून थांबायला वेळ नसतो. मासा दिसला की ओढा आणि सोडा. बाण मात्र जड असतो, भरीव फायबरग्लासचा. त्याला मागे पिसं नसतात, कारण हवेत बाण सरळ ठेवणारी पिसं पाण्यात त्याला भरकटवतात. टोकाला उलटे काटे असतात. बाणाचं टोक काही आटे सैल केलं की ते काटे उलटे फिरतात आणि मासा निघतो. दोरी वेणीसारखी विणलेली असते आणि दोनशे पौंडांच्या आसपास ताण सहज पेलते. ती गुंडाळायला कुणी धनुष्यावर साधी फिरकी लावतात, कुणी झाकणवालं रील, आणि बरेच जण प्लास्टिकची बाटली. दोरी त्या बाटलीत नुसती साठत जाते आणि बाण सुटला की विनाअडथळा बाहेर पडते.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग सगळ्यात छोटा आहे. बाणाच्या दांड्यावर मागे-पुढे सरकणारी एक कडी असते आणि दोरी बाणाला नव्हे, त्या कडीला बांधतात. बाण ओढलेला असतानाही कडी पुढेच राहते, म्हणून दोरी धनुष्याच्या प्रत्यंचेच्या मागे जात नाही. पूर्वी ती बाणाच्या मागच्या टोकाला, भोकातून ओवून बांधत. ती प्रत्यंचेत किंवा बोटांत अडकली तर सुटलेला बाण दोरी ताणून उलटा फिरतो आणि मारणाऱ्याच्याच तोंडावर येतो. अशा अपघातांत माणसं गंभीर जखमी झालेली आहेत. भाड्यानं धनुष्य देणाऱ्यानं ही कडी लावलेली नसेल तर तिथूनच परत फिरावं. पैशांवरून हुज्जत घालत बसू नये.

नेमाचं गणित आपल्याला ऐकून माहीत असल्यासारखं वाटतं, पण ते वेगळं आहे. अर्जुनानं पाण्यात बघून मत्स्यवेध केला तो प्रतिबिंबावरून. आरशासारख्या पाण्यात कोनाची फसवणूक होत नाही, त्यामुळे त्याचं काम त्या मानानं सरळ होतं, असं म्हणायला हरकत नाही. इथे मासा पाण्याच्या आत असतो आणि प्रकाश बाहेर येताना वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक साधारण 1.33 आहे. म्हणजे सरळ वरून पाहिलं तरी चार फूट खोल मासा तीन फुटांवर दिसतो, आणि तिरकं पाहिलं तर फसवणूक आणखी वाढते. म्हणून मासा दिसतो त्याच्या खाली मारायचं. किती खाली, याचे आडाखे प्रत्येक वाटाड्याचे आपापले असतात. तिथे बऱ्याच जणांच्या तोंडी असलेला आडाखा असा: मासा दहा फुटांवर आणि एक फूट खोल असेल तर चार इंच खाली. खोली दुप्पट झाली की तेही दुप्पट. नवशिक्याचे बाण जवळजवळ नेहमी माशाच्या पाठीवरून जातात. तीन-चार फुटांपलीकडे पाणी बाणाचा जोर खाऊन टाकतं, त्यामुळे हा उथळ पाण्याचाच खेळ राहतो.

आता हिवाळ्याकडे येऊ, कारण या खेळाच्या बाजूनं आणि विरोधात जे बोललं जातं त्याचा बराच भाग ऋतूतून येतो.

थंडीत पाण्यातलं शेवाळ कमी होतं आणि पाणी निवळतं. आखातात समुद्राची सरासरी पातळी वर्षातून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास सगळ्यात खाली असते. त्यात उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली की खाजणांतलं पाणी ढकललं जाऊन समुद्राकडे जातं. टेक्सासमध्ये या वाऱ्याला ‘नॉर्दर’ म्हणतात. तो सुटला की आदल्या दिवशी बोट जात होती तिथे दुसऱ्या दिवशी चिखल उघडा पडतो, आणि मासे उरलेल्या चरांत, कालव्यांत, जरा खोल डबक्यांत गोळा होतात. पाणी नितळ, मासे एका जागी, डासही नाहीत. पाहुण्याला वाटतं, हा खेळ याच दिवसांसाठी केलेला आहे.

तेच तर अवघड आहे. थंडीनं एका खड्ड्यात कोंडलेला मासा सुस्त असतो. त्याला मारणं सोपं, आणि अख्ख्या खाजणातले मासे त्या एका खड्ड्यात असले तर अख्खं खाजण रिकामं करणंही सोपं. साउथ कॅरोलायनानं हे ओळखून डिसेंबर ते फेब्रुवारी भाल्यानं रेड ड्रम आणि ठिपक्यांचा ट्राउट मारायला बंदी घातलेली आहे. भाला काय, बाण काय, टोचून मारणं तेच. टेक्सासचं मत्स्यखातं कडाक्याच्या गारठ्यात मासे आसऱ्याला जातात ते खोल पट्टे काही दिवसांसाठी बंद करू शकतं आणि करतंही. फेब्रुवारी 2021च्या हिमलाटेत त्या राज्याच्या किनाऱ्यावर किमान 38 लाख मासे मेल्याचा खात्याचा अंदाज होता. अशा आठवड्यात सुटी पडली तर धनुष्य पेटीतच ठेवलेलं बरं.

दिवसा मारायचं तर ध्रुवीकृत काचांचा चष्मा लागतो. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे पाण्यावरची चकाकी वाढते आणि दिवस तसाही छोटा. म्हणून बहुतेक जण रात्रीच निघतात. पसरट बुडाची अ‍ॅल्युमिनियमची बोट, पुढे उंच मचाण, त्याच्या कडेनं एलईडी दिव्यांची रांग. मोठं इंजिन बंद करून छोट्या विजेच्या मोटरवर किंवा मागच्या पंख्याच्या जोरावर बोट हळूहळू सरकत जाते. उजेडाच्या पट्ट्यात वाळू, गवताचे पुंजके, कालवांचे ढीग स्पष्ट दिसतात. मध्येच पट्ट्यांचा मासा दिसतो, शेपूट हलवत कालवांच्या कडेला चरणारा. तो शीपशेड आहे का लहान ब्लॅक ड्रम? दोघांच्याही अंगावर उभे काळे पट्टे. शीपशेडचं तोंड आखूड आणि दात माणसासारखे सपाट, पाठीचे काटे जाड. ड्रमच्या हनुवटीखाली छोट्या मिशा, तोंड खालच्या बाजूला. हातात आल्यावर ओळखायला दोन सेकंद पुरतात. वरून, हलत्या पाण्यातून, पंधरा फुटांवरून ओळखायलाही तेवढीच दोन सेकंदं असतात. शिवाय ब्लॅक ड्रमला मापाची अट आहे: फ्लोरिडात साधारणपणे 14 ते 24 इंच, टेक्सासमध्ये 14 ते 30. पट्टी लावायची कुठे? मारल्यावर लावून उपयोग नाही. सराईत माणूस शंका आली तर बाण सोडत नाही, आणि नवख्याला मात्र शंका येतच नाही.

कोणते मासे, हे मराठी खवय्याला आपल्या कुळांतून सांगणं सोपं पडेल. शीपशेड हा आपल्या खाडीतल्या पालूच्या कुळातला. कुर्ल्या, कालवं आणि खांबांना चिकटलेले कवचधारी जीव फोडून खातो, म्हणून मांस गोड. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात त्याचा विणीचा काळ असतो. तेव्हा तो धक्के, पूल आणि दगडी बांधांपाशी मोठ्या संख्येनं जमतो. रेड आणि ब्लॅक ड्रम हे घोळ-ढोमाच्या कुळातले. फ्लाउंडर म्हणजे लेपीच्या धाटणीचा चपटा, वाळूत दडून बसणारा. पण तो शरदातच अंडी घालायला खोल समुद्राकडे निघतो आणि त्याचे साठे अनेक राज्यांत उतरलेले आहेत. टेक्सासमध्ये 1 नोव्हेंबर ते 14 डिसेंबर आणि फ्लोरिडात 15 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर त्याला हात लावता येत नाही. मुलेट म्हणजे आपला बोय. फ्लोरिडात कॉर्टेझसारखी जुनी कोळ्यांची गावं हिवाळ्यातल्या त्याच्या गाबोळीवर उभी राहिली. तो धनुष्यानं मारायला अतिशय चपळ. आणि स्टिंगरे म्हणजे पाकट. त्याच्याबद्दल पुढे.

कायद्यांत राज्याराज्यांचा स्वभाव दिसतो. फ्लोरिडाच्या नियमांत बाण, भाला आणि पाण्याखालची बंदूक एकाच व्याख्येत येतात: शरीर भोसकून मासा पकडणं. त्या व्याख्येखाली बंदी असलेल्या माशांची यादी लांब आहे. रेड ड्रम, स्नूक, टार्पन, बोनफिश, ठिपक्यांचा ट्राउट, पॉम्पानो, सगळे शार्क, मँटा आणि ठिपक्यांचा ईगल रे, सगळे त्यात. सार्वजनिक पोहण्याच्या किनाऱ्यापासून, मासेमारीच्या धक्क्यापासून आणि मासेमारीला मुभा असलेल्या पुलापासून शंभर यार्डांच्या आत बाण चालत नाही. म्हणजे शीपशेड नेमका जिथे जमतो तिथेच नाही. हा नियम माणसांच्या सुरक्षेसाठी असला तरी त्याचा फायदा माशालाही होतो, आणि मला तो फार शहाणा वाटतो. फ्लोरिडाच्या ‘कीज’ बेटांच्या माळेत लाँग कीच्या उत्तरेचा पट्टा तर पूर्ण बंद. हॉटेलच्या धक्क्यावर बाण घेऊन उभं राहण्याआधी हे वाचायला हवं.

टेक्सासनं वेगळी वाट धरली. ज्यांना ‘गेम फिश’ म्हटलं आहे ते फक्त गळानंच पकडायचे. बाणाला उरतात ते बाकीचे: शीपशेड, ब्लॅक ड्रम, पाकट, बोय. रॉकपोर्ट, पोर्ट ओकॉनर, लगूना माद्रे ही तिथली नावं. शीपशेड माणशी पाच आणि किमान 15 इंच.

लुइझियाना सगळ्यात सैल. मिसिसिपीच्या मुखाशी, व्हेनिस आणि डेलाक्रोच्या खाजणांत, धनुष्यानं रेडफिश, म्हणजेच रेड ड्रम, मारता येतो, आणि त्याच एका आकर्षणावर तिथल्या रात्रीच्या सफरी चालतात. पण साठा खालावल्याचं दिसल्यावर 2024 साली मर्यादा घट्ट केली: दिवसाला चार, 18 ते 27 इंचांमधले, आणि 27 इंचांवरचा एकही नाही. पूर्वी एक मोठा चालत असे. मोठ्या रेडफिशची वयं दशकांत मोजतात, पिल्लं त्यांच्यापासूनच होतात. गळवाल्यानं त्याला सोडून दिलं की नियम पाळला गेला. धनुष्यवाल्याला मात्र 27 आणि 28 इंचांतला फरक मचाणावरून, रात्री, अपवर्तनातून ओळखायचा आहे. हा नियम धनुष्याला धरून केलेला नाही. पण धनुष्याची खरी परीक्षा तोच घेतो.

पाकटाची गोष्ट उन्हाळ्यातली आणि उत्तरेची आहे, तरी ती टाळता येत नाही. मेरीलँडच्या चेसापीक उपसागरात काउनोज रे नावाच्या पाकटांना धनुष्यानं मारण्याच्या स्पर्धा होत. सर्वांत जड पाकटाला बक्षीस, आणि विणीच्या दिवसांत सर्वांत जड म्हणजे गाभण मादी. ही पाकटं कालवं आणि शिंपल्या फस्त करतात, मोठे शार्क कमी झाल्यामुळे ती माजली आहेत, असं 2007 साली ‘सायन्स’मधल्या एका गाजलेल्या लेखात मांडलं गेलं होतं. म्हणून त्यांना मारणं म्हणजे पुण्यकर्मच ठरलं. 2016 साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून ते म्हणणं खोडून काढलं. मुळात हे पाकट सात-आठ वर्षांनी वयात येतं आणि वर्षाला बहुधा एकच पिल्लू देतं. असा प्राणी अचानक माजेल कसा? 2017 साली मेरीलँडनं स्पर्धांवर स्थगिती आणली. हीच पाकटं हिवाळ्यात फ्लोरिडाच्या केप कॅनाव्हेरलकडे उतरतात. म्हणजे थंडीतला पाहुणा बोटीवरून जे पाकट पाहतो ते कदाचित त्या स्पर्धांतून वाचलेलं असेल.

‘निरुपयोगी मासा’ ही कल्पना अमेरिकेच्या गोड्या पाण्यातही अशीच फसली. बिगमाउथ बफेलो नावाचा मासा धनुष्यवाले वर्षानुवर्षं ढिगानं मारत आले. 2019 साली त्याच्या कानातल्या खड्यावरची वलयं मोजली तेव्हा एकाचं वय 112 वर्षं निघालं.

मराठी माणसाला हिवाळ्याच्या सुटीत खऱ्या अर्थानं धनुष्यबाणाची मासेमारी जिथे आहे त्या समुद्राजवळ जायचं तर अंदमान आहेच. सेल्युलर जेल पाहायला जाणाऱ्या आपल्या सहली जारवा आदिवासींच्या वनातूनच पुढे बाराटांगला जातात. जारवा पुरुष चुईच्या लाकडाचं धनुष्य घेऊन ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या उथळ पाण्यात मासे मारतात. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1922 साली छापलेल्या ग्रंथात अंदमानी लोकांची मासेमारी आणि हत्यारं नोंदलेली आहेत. डुकरासाठीच्या बाणाचं टोक सुटं होऊन दोरीला लटकणारं असे. म्हणजे दोरीची युक्ती त्यांनाही ठाऊक होती, ती डुकरासाठी होती. पण तो पाहण्याचा प्रकार नव्हे. जारवांच्या भागात थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

आपल्या कोकणात हे धनुष्य का नाही, याचं उत्तर बरंचसं पाण्यातच आहे. मुंबई-रायगडच्या खाड्या गढूळ, भरती-ओहोटीचा जोर मोठा, वरून मासा दिसतच नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे बत्तीच्या उजेडात कोयत्यानं मारणारी पोरं कोकणात आहेत, पण तो ओढ्या-शेतांतला, चार रात्रींचा उत्सव. दिव्याचा वाद मात्र आपल्याकडेही पेटलेला आहे. केंद्रानं 2017 साली एलईडी लावून मासेमारीला बंदी घातली, ती मोठ्या जाळ्यात थवेच्या थवे ओढले जातात म्हणून. आखातातल्या मचाणावरचा दिवा मासा ओढण्यासाठी नसून ओळखण्यासाठी असतो. त्यामुळे दिवा पांढरा, प्रखर आणि सरळ खाली टाकलेला असला तर मला तो हत्याराचा भाग न वाटता त्याच्यावरचा लगाम वाटतो. किनाऱ्यावर झोपलेल्यांना जनित्राचा आणि पंख्याच्या बोटीचा आवाज सोसावा लागतो, ही तक्रार वेगळी आणि रास्त आहे.

तर पाहुण्यानं काय करावं? स्वतः बोट भाड्यानं घेऊन निघू नये. हिवाळ्यात आखातावर दाट धुकं उतरतं, कालवांचे ढीग बुडाला भोक पाडतात, आणि पडल्यावर पाणी थंड असतं. परवाना असलेल्या वाटाड्याबरोबर जावं. फ्लोरिडात तर त्याच्या बोटीचा परवाना प्रवाशांनाही लागू होतो. निघण्याआधी त्याला एकच विचारावं: काल रात्री मारलेले मासे कुठे गेले? ‘कचऱ्यात’ किंवा ‘परत पाण्यात’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधावा. फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हरसारख्या ठिकाणी थंडीत उबदार झऱ्यांपाशी मॅनटी, म्हणजे समुद्रगाई, गोळा होतात. तिथे रात्री बोट हाकण्यापेक्षा दिवसा काठावरून त्यांना बघावं.

आठवडाभर हातात असेल तर माझी पसंती टेक्सासच्या शीपशेडला. ओळखायला शिकण्याजोगा, खायला उत्तम, आणि पाच संपले की रात्र संपली. त्याचे खवले जाड असतात आणि बरगड्या मजबूत, त्यामुळे साफ करताना सुरीला धार हवी. कालवण, तळणं, दोन्हीला चालतो. पाकट मारलंच तर शेपटीचा काटा आधी छाटून, लगेच रक्त काढून बर्फात घालायला लागतं, नाहीतर मांसातल्या युरियाचा अमोनिया होऊन तासाभरात वास मारायला लागतो. फक्त पंखच खायचे. सुकं करणाऱ्या घरात ते फुकट जात नाही. तिथल्या बऱ्याच बोटींवर मात्र ते फोटोपुरतंच असतं.